वासंतीनं भरायचा राहिलेला डबा

गुणवंत चौलकरांना स्वतःच्या घरात गॅस पेटवायची बंदी होती. बंदी मुलानं घातली होती आणि ती त्यांनी स्वतःच्याच हातानं ओढवून घेतली होती. मागच्या पावसाळ्यात दूध तापत ठेवून ते पेपर का आला नाही हे वॉचमनला विचारायला खाली उतरले. खाली नेमका क्रिकेटचा विषय निघाला. क्रिकेटचा विषय निघाला की गुणवंतरावांना घर, दार, दूध यांतलं काही म्हणता काही आठवत नाही. वर पातेलं जळून काळं ठिक्कर पडलं, धूर जिन्यात आला, अर्धी बिल्डिंग दारात जमली. त्या दिवसापासून निहार ऑफिसला निघताना गॅसच्या पाइपाचा कॉक बंद करायचा आणि लायटर स्वतःच्या बॅगेत टाकून अंधेरीला घेऊन जायचा. चौलकरांचा लायटर रोज अंधेरीला अपडाऊन करतो, असा विनोद पूनम सागर सोसायटीत बरेच दिवस चालला. गुणवंतरावही त्यात हसायचे. पण लागायचं ते लागायचंच.

बायको, वासंती, असती तर ही वेळ आली नसती. तिला जाऊन दोन वर्षं होत आली होती. दुपारी डब्यातली पोळी-भाजी खायची, टीव्ही लावायचा, टीव्हीसमोर पेंगायचं आणि संध्याकाळी मुलगा-सून परत आले की जागे असल्यासारखं दाखवायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. त्या दिनक्रमात मे महिन्यातल्या एका बुधवारी जिन्यातच खंड पडला. खालच्या मजल्यावरच्या नीलमबेनच्या दारात पुठ्ठ्याचे खोके रचलेले दिसले. नीलमबेनचा मुलगा बडोद्याला असतो. आईला एकटं ठेवायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, फ्लॅट विकला होता आणि रविवारी सकाळी गाडी येणार होती. वॉचमननं हे सगळं एका दमात सांगितलं.

गुणवंतराव वर आले ते थेट स्वयंपाकघरात गेले. वरच्या फळीवर, पुरणयंत्राच्या मागे, एक स्टीलचा डबा होता. तो तिथं आहे हे त्यांना दोन वर्षं माहीत होतं. त्यांनी स्टूल घेतलं, डबा खाली काढला आणि पंच्यानं पुसला. नीलमबेनचा डबा. परत द्यायचा राहिलेला.

आता एक स्टीलचा डबा, तो काय मोठासा! खाली जाऊन बेल मारायची, "हा घ्या तुमचा डबा" म्हणायचं आणि वर यायचं. पण तसं करता येत नव्हतं. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

गुणवंतराव बाइंडर. गिरगावातल्या एका बुकबाइंडिंगच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. पुठ्ठा कापणं, पानं शिवणं, खळ लावणं आणि मग ती पुस्तकं शिकंज्यात घालून चाक फिरवत दाबून ठेवणं. खेतवाडीत एका खोलीत त्यांचा संसार होता. नव्वदच्या दशकात, सगळेच निघाले होते तेव्हा, तेही खोली विकून मीरा रोडला आले. दोन खोल्या, संडास घरात, गॅलरी! पण वासंती आली ती रडतच. रात्री डास, दिवसा लाइट नाही, पाणी टँकरचं, आणि खिडकीतून पाहावं तर लांबपर्यंत मिठागरं. खेतवाडीत दार उघडलं की माणूस दिसायचं. इथं दार उघडलं की दुसरं बंद दार. आठवडाभर तिनं सामानाची एक ट्रंक उघडलीसुद्धा नाही, परत जायचंच आहे असं धरून.

त्या बंद दारांतलं एक उघडलं ते नीलमबेनचं. भुलेश्वरहून आलेली, तितकीच रडवेली बाई. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. पण टँकर आला की एकीनं रांगेत उभं राहायचं आणि दुसरीनं हंडे वर न्यायचे, याला काही भाषा लागत नाही. मैत्री तिथं झाली. आणि मग एके दुपारी बोहारीण आली.

ही गोष्ट गुणवंतरावांना चांगली लक्षात होती, कारण तिच्यात त्यांची पँट गेली. टेरिकॉटची, करड्या रंगाची, लग्नातली. तिच्यात आता त्यांचं पोट मावत नव्हतं ही गोष्ट वेगळी. दोघी बायकांनी आपापल्या कपाटांतून जुने कपडे काढून एकच ढीग केला, तासभर घासाघीस केली आणि त्या ढिगावर दोन सारखे डबे मिळवले. एक हिला, एक तिला. संध्याकाळी गुणवंतराव पँट शोधत होते तेव्हा वासंतीनं डबा पुढे केला. "अहो, ही घ्या तुमची पँट. आता निदान कामाला तरी येईल," असं म्हणून ती खो खो हसली. मीरा रोडला आल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, म्हणून त्यांनी पँटचं दुःख गिळलं.

तेव्हापासून ते डबे जिन्यात चढत-उतरत राहिले. खालून खांडवी वर यायची, वरून पुरणपोळी खाली जायची. वासंतीचा एक नियम होता. दुसऱ्याचा डबा रिकामा परत जाता कामा नये. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामा नाही. आणि विकतचं घातलं तर ते तिच्या हिशेबी रिकामंच. निहार शाळेत गेला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. समोरच्या मिठागरांवर इमारती उभ्या राहिल्या. नळाला पाणी आलं आणि टँकरची रांग गेली. जिन्यातली ये-जा तेवढी तशीच राहिली.

मग वासंती आजारी पडली. नीलमबेननं हांडवो करून पाठवला. तो वासंतीला दोन घाससुद्धा गेला नाही. गुणवंतरावांनी डबा घासला आणि द्यायला निघाले, तर तिनं कॉटवरूनच हाक मारली. "अहो, रिकामा कुठं नेताय? राहू दे. मी उठले की काहीतरी करून घालते."

ती उठली नाही.

डबा फळीवर गेला. तेराव्याला नीलमबेन आल्या होत्या, पण तेव्हा डब्याचं कोण बोलणार? मग महिना गेला, वर्ष गेलं. जिन्यात भेट झाली की गुणवंतराव "कसं काय, बरंय ना?" एवढंच म्हणून सटकायचे. बाईंना वाटत असेल, माणूस बायको गेल्यावर बदलला. माणूस बदलला नव्हता. त्याच्या घरी डबा होता.

आणि आता रविवारी त्या जाणार. त्या गेल्या की वासंतीचा शब्द कायमचा तसाच राहणार होता. आयुष्यात तिनं कुणाचं देणं ठेवलं नव्हतं, आणि शेवटचं एवढंसं राहिलं ते आपल्या भित्रेपणामुळे, हे काही गुणवंतरावांच्या मनातून जाईना. डबा भरूनच द्यायचा. घरी केलेल्या वस्तूनं भरूनच.

पण कशानं? चिमूटभर साखर घालावी तर नीलमबेनना शुगर. गॅस बंद, म्हणजे लाडू, वड्या, शंकरपाळे सगळं बाद. सुनेला सांगावं तर ती करून देईल, निशिगंधा तशी गुणाची आहे. पण मग तो तिनं भरलेला डबा होईल. गुणवंतराव फ्रीज उघडून उभे राहिले. फ्रीजमध्ये निशिगंधाच्या त्या चॉकलेटच्या पट्ट्या होत्या.

दर रविवारी ती हा उद्योग करायची. खजूर, दाणे, बदाम, ओट्स, चॉकलेट. भाजायचं नाही, शिजवायचं नाही, कालवायचं, थापायचं आणि फ्रीजमध्ये ढकलायचं. नवरा-बायको जिमच्या आधी एकेक खायचे. गुणवंतरावांनी या पदार्थाचं नाव "चिखलाच्या वड्या" ठेवलं होतं. जी गोष्ट चुलीवर चढलीच नाही तिला खाणं का म्हणायचं, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी एक पट्टी काढून चावली. चिखल वाईट नव्हता. आणि मुख्य म्हणजे त्याला लायटर लागत नव्हता.

त्यांनी निशिगंधाला ऑफिसात फोन लावला.

"बाबा, काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय! तुझ्या त्या वड्या कशा करतात ते सांग."

 मग तिनं सगळं नीट सांगितलं. चॉकलेट मायक्रोवेव्हमध्ये वितळवायचं म्हणाली आणि लगेच घाईनं म्हणाली, "पण ते मी आल्यावर करू हं."

गुणवंतरावांनी "बरं" म्हटलं आणि थांबले नाहीत. वासंती स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये उन्हाळाभर वाळवणं घालायची. पोह्याचे पापड, चिकवड्या, सांडगी मिरच्या. मे महिन्यात दुपारी तिथं ठेवलेल्या ताटाला हात लावायची सोय नसते. त्यांनी चॉकलेटचे तुकडे स्टीलच्या ताटलीत पसरले, वर तिचाच जुना मलमलचा तुकडा टाकला आणि ताटली ग्रिलमध्ये ठेवली. बघता बघता चॉकलेट पघळलं. कावळा येऊन बघून गेला. मनात आलं, वासंती असती तर म्हणाली असती, "हे काय वाळवण घातलंत?"

इथपर्यंत सगळं छान होतं. पण खजुराची चटणी करताना वासंती खजूर आधी पाण्यात भिजत घालायची, हे त्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून त्यांनीही खजूर मस्तपैकी भिजत घातला, हातानं कुस्करला आणि तो लिबलिबीत गोळा वितळलेल्या चॉकलेटमध्ये ओतला. चॉकलेट फुटलं. दूध नासावं तसं खडबडीत, दाणेदार झालं. कितीही ढवळलं तरी सुधारेना. संध्याकाळी निशिगंधानं ते पाहिलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

"पाणी लागलं ना, बाबा. चॉकलेटला पाण्याचा थेंब चालत नाही. राहू दे, मी करून देते."

"नको," गुणवंतराव म्हणाले. "मलाच करायचंय." का, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. फक्त फ्रीजमधलं दुसरं चॉकलेट काढून पुढे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते रिक्षा करून नया नगरला गेले. तिथल्या खजुराच्या दुकानात टोपल्याच टोपल्या. "चाचा, नरम वाला लो, पानी में डालने की जरूरत ही नहीं," दुकानदार म्हणाला. "कल आप मिले होते तो अच्छा होता," गुणवंतराव म्हणाले. दुकानदाराला त्यातलं काही कळलं नाही, पण त्यानं एक खजूर चाखायला दिला.

या वेळी खजूर थोडाच घेतला, बाईंच्या शुगरच्या मानानं. तुपाचा हात लावून तळहातानं मळला. दाणे, बदाम, तीळ मिक्सरमधून जाडसर काढले, झाकण दोन्ही हातांनी धरून. ओट्स टाकले. खिडकीतलं चॉकलेट ओतलं. सगळं छान एकजीव झालं. मग हात थांबला. जायफळ. वासंतीच्या मते जायफळ नसलेली वडी म्हणजे नुसता तुकडा. त्यांनी मसाल्याच्या डब्यातून जायफळ शोधून काढलं आणि वर किसून घातलं.

आणि पुढचं काम तर त्यांचंच होतं. ताटलीला तूप लावून गोळा थापला आणि वाटीच्या बुडानं सारखा केला. पण वाटीनं त्यांचं समाधान होईना. त्यांनी वर बटर पेपर घातला, त्यावर पोळपाट उपडा टाकला आणि पोळपाटावर निहारच्या व्यायामाचं वजन ठेवलं. जन्मभर पुस्तकं शिकंज्यात दाबली, आता ही वडी. फ्रीजचा एक कप्पा त्यासाठी रिकामा केला. सेट झाल्यावर त्यांनी पट्टी आणि सुरी घेतली. हात पूर्वीसारखा स्थिर राहत नाही, पण पट्टीवर सुरी टेकली की तो आपोआप सरळ जातो. काटकोनात, एकसारख्या, कडा कुठंही खडबडीत नाहीत. कडेचे तुकडे त्यांनी स्वतः खाल्ले. बाइंडरनं कात्रणं फेकायची असतात, पण ही फेकवेनात.

रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले. नीलमबेनच्या घरात बसायला काही उरलं नव्हतं. भिंतींवर फोटोंच्या जागा फिकट दिसत होत्या.

"अरे गुणवंतभाई! या, या. खुर्ची नाय, सगळं पॅक झालं. उभ्या उभ्याच बोला."

त्यांनी डबा पुढे केला. दोन दिवस मनात घोळवलेलं वाक्य ऐनवेळी पळून गेलं. "हा तुमचा डबा," ते म्हणाले. "उशीर झाला. वासंती म्हणाली होती, उठले की भरून देते. ती काही... म्हणून मग मीच."

नीलमबेननी डब्याकडे पाहिलं. झाकण उघडलं. "चॉकलेट? तुम्ही बनवलं?"

"गॅसशिवाय. साखर नाही त्यात."

"खजूर में पण शुगर असते हां," त्या म्हणाल्या आणि एक वडी तोंडात टाकली. चावता चावता थांबल्या. "जायफळ? चॉकलेटमध्ये जायफळ कोण घालतं?"

"वासंतीनं घातलं असतं."

"हां," त्या म्हणाल्या, "ती घालणारच." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग एकदम वळल्या आणि दाराजवळचा एक खोका उघडायला लागल्या. न्यायला आलेला मुलगा आतून ओरडला, "मम्मी, वो टेप मत खोलो!" पण टेप निघाली होती. कागदात गुंडाळलेली एक वस्तू त्यांनी बाहेर काढली, कागद सोडवला आणि गुणवंतरावांच्या हातात दिली.

डबा. तसाच. त्याच मापाचा, त्याच झाकणाचा. बोहारणीकडचा दुसरा डबा.

गुणवंतराव बघतच राहिले. दोन डबे होते हे त्यांना ठाऊक होतं. पण आपल्याकडचा तो एक राहिला आणि दुसरा कुठं गेला, हा प्रश्न दोन वर्षांत त्यांना एकदाही पडला नव्हता.

"हा तुमच्या घरचा," नीलमबेन म्हणाल्या. "बीमार पडली ना, त्याच्या थोडी आधी भेजला होता तिनं. गोडा मसाला. मी रोज दालमध्ये एक चमचा घालायची. मग ती गेली, आणि मी चमचा घातलाच नाय. फ्रीजमध्ये ठेवला. संपवायला जीव नाय होत, आणि रिकामा केल्याशिवाय डबा तुम्हाला देणार कसा? तुम्ही जिन्यात भेटले की मला शरम वाटायची. वाटायचं, भाई मनात म्हणत असेल, बाईनं डबा दाबला."

गुणवंतरावांना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. त्यांनी दोन्ही येऊ दिलं. रिकाम्या घरात ते दोघे म्हातारे उभ्या उभ्या हसत आणि डोळे पुसत राहिले, आणि मुलगा टेपचा रोल हातात घेऊन दारातून पाहत राहिला.

गाडी गेल्यावर ते जिना चढून वर आले. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून त्यांनी डबा उघडला. मसाला तळाशी होता, काळपट, जेमतेम चार-पाच चमचे. वास मंदावला होता. त्यांनी डबा नाकाजवळ नेला. दगडफूल, धणे, भाजलेलं खोबरं. मे महिन्यात हा मसाला कुटून झाला की वासंतीच्या साडीलाही हाच वास यायचा आणि आठवडाभर जायचा नाही. तिच्या साड्या त्यांनी वाटून टाकल्या होत्या. तिचं म्हणावं असं घरात आता फार काही नव्हतं, आणि हे होतं. त्यांना वाटलं, झाकण घट्ट लावावं आणि परत कधी उघडू नये.

पण त्यांनी झाकण लावलं नाही. "निहार," त्यांनी हाक मारली, "गॅस चालू कर. तू बाजूला उभा राहा हवं तर, मी आमटी करतो."

निहार उभा राहिला, निशिगंधाही. गुणवंतरावांनी फोडणी केली, शिजलेलं वरण घातलं, आमसूल, गूळ, आणि मग तो मसाला, एकच चमचा. उकळी फुटली तसा निहार ओट्याजवळ सरकला. जेवायला बसल्यावर त्यानं पहिला भुरका मारला आणि वाटी तशीच हातात धरून राहिला.

"बाबा," त्यानं विचारलं, "अजून आहे?"

"तीन-चार वेळचा असेल."

"मग जपून ठेवा ना तो. नका वापरू."

गुणवंतरावांनी त्याच्या वाटीत आणखी एक पळी वाढली. "ठेवायचा नाही," ते म्हणाले. "संपवायचा. डबा रिकामा झाला की भरून बडोद्याला न्यायचाय मला. आणि तो लायटर उद्यापासून घरी ठेवून जा."